गच्चीवरचा परका झेंडा
(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



मला दहा मिनिटं दिली आहेत. बँकेतला माणूस असल्यामुळे मी वेळेत आटोपतो, काळजी नसावी.

२०१८ च्या मे महिन्यातली गोष्ट. वर्ल्ड कप तोंडावर आला होता आणि पोरांनी गच्चीवर अर्जेंटिनाचा झेंडा लावला. तेव्हा मी सेक्रेटरी. वॉचमनला सांगून मी तो उतरवला आणि ऑफिसच्या कपाटात ठेवला. देश आपला आणि झेंडा दुसऱ्याचा, हे मला पटेना. खाली येऊन पोरांना चार शब्द सुनावलेसुद्धा.

तेव्हा माझाच नातू म्हणाला, "आजोबा, इंडियाची फुटबॉल मॅच तुम्ही कधी बघितलीत? टीममधल्या पाच जणांची नावं सांगा."

मी "छेत्री" म्हणालो आणि थांबलो. सगळ्या पोरांसमोर! आयुष्यभर लोकांच्या सह्या तपासल्या, पण त्या दिवशी माझीच सही जुळेना.

राग आला, खोटं कशाला बोलू? पण रात्री वाचायला बसलो. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये आपण चौथे आलो होतो. ऑस्ट्रेलियाला ४-२ असं हरवलं, त्यातले तीन गोल नेव्हिल डिसोझाचे. हा मूळ गोव्याचा. गोवा तेव्हा पोर्तुगिजांच्या ताब्यात, आणि हा भारताकडून खेळतोय! १९६२ ला जकार्तात एशियाडची फायनल. प्रेक्षक आपल्या विरोधात, जर्नेलसिंगच्या डोक्याला टाके. एरवीचा बचावपटू, पण त्याला पुढे खेळवला आणि त्याने गोल केला. दक्षिण कोरियाला २-१ ने हरवून सुवर्णपदक आणलं. मी तेव्हा शाळेत होतो. त्यातलं काहीही मला आठवत नव्हतं. क्रिकेटचे आकडे मात्र आजही तोंडपाठ आहेत.

आणि योगायोग बघा, त्याच आठवड्यात आपली टीम इथे अंधेरीत खेळत होती. चायनीज तैपेईला ५-० ने हरवलं, पण बघायला जेमतेम अडीच हजार माणसं. मग छेत्रीने व्हिडिओ टाकला. शिव्या द्यायच्या तर द्या, पण मैदानावर या, असं त्याचं म्हणणं. कॅप्टनला हात जोडावे लागतात, हे बघून मला कसंतरीच झालं. माझ्या दारापासून मैदान रिक्षाने वीस मिनिटांवर!

४ जूनला केनियाविरुद्ध मॅच होती, छेत्रीची शंभरावी. नातवाने मोबाइलवर खटपट करून दोन तिकिटं मिळवली. पाऊस असा की छत्रीचा उपयोग शून्य. (आमच्या सौभाग्यवतींनी न्यायला लावली होती, ती तिथेच हरवली.) तरी स्टेडियम गच्च. राष्ट्रगीताला भिजत उभा राहिलो तेव्हा गळा भरून आला. पुढच्या रांगेत एक मुलगा अर्जेंटिनाची जर्सी घालून "इंडिया, इंडिया" ओरडत होता. मी त्याच्याकडे बराच वेळ बघत होतो. आपण ३-० ने जिंकलो, छेत्रीचे दोन गोल.

दुसऱ्या दिवशी कपाटातला झेंडा पोरांना परत दिला. अट एकच घातली, टाकीच्या पाइपला बांधायचा नाही, मागे गळती झाली होती. ३० जूनला अर्जेंटिना फ्रान्सकडून हरली, तेव्हा पोरांनी तो आपण होऊन उतरवला.

आणि हो, ती पाच नावं. छेत्री, गुरप्रीत, झिंगन, जेजे... पाचवं नेहमी विसरतो. नातू इथे बसलाय, तो सांगेल.