अनुदान कसे मागावे?

श्रोतेहो, दिवाळी झाली की माझ्याकडे काही मंडळींच्या फेऱ्या सुरू होतात. कोणी गावच्या वाचनालयाचे चिटणीस असतात, कोणी शिक्षक असतात, कोणी महिला मंडळाच्या अध्यक्षा असतात. सगळ्यांचे म्हणणे एकच : "सर, आम्हाला अनुदान मिळवायचंय. तुमची भाषा चांगली आहे. एक झकास अर्ज लिहून द्या."

अर्ज म्हणजे भाषेचे काम, असा आपला सर्वसाधारण समज आहे. एके काळी माझाही तोच समज होता. तो कसा मोडला, हे आधी सांगतो.

आमच्या गावचे वाचनालय मारुतीच्या देवळाशेजारच्या एका खोलीत होते. आमचे जुने गुरुजी निवृत्त झाल्यावर ते सांभाळीत. खोलीचे छप्पर गळके, पुस्तके पत्र्याच्या दोन पेट्यांत. मी नुकताच एम. ए. होऊन नोकरीला लागलो होतो. शहरातील एका धर्मादाय न्यासाकडे मी मदतीसाठी चांगला चार पानी अर्ज लिहिला. ज्ञानाचा दिवा, खेड्यातील अंधार, उद्याची पिढी, काही म्हणून सोडले नाही. उत्तर दोन ओळींचे आले : मागणी निश्चित स्वरूपाची नसल्यामुळे विचार करता येत नाही.

मला राग आला. गुरुजी मात्र शांतपणे म्हणाले, "अरे, पत्र तू झकास लिहिलंस. पण त्यात आपलं गाव कुठं होतं?"

आणि त्यांनी पेटीतून देवघेवीची वही काढली. कोणत्या तारखेला, कोणी, कोणते पुस्तक नेले आणि केव्हा परत केले, याची ती वही. आम्ही दोघे रात्री कंदिलाशेजारी बसून ती वाचू लागलो. त्र्याऐंशी सभासद. सर्वांत जास्त पुस्तके उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांनी नेलेली. आणि आषाढापासून भाद्रपदापर्यंत, ओळीने प्रत्येक वर्षी, पाने कोरी! का? तर पावसात खोली गळे, म्हणून पुस्तके गुरुजींच्या घरी माळ्यावर जात आणि वाचनालय बंद राहत असे.

आमची गरज त्या कोऱ्या पानांवर लिहिलेली होती आणि मी ती शब्दकोशात शोधत होतो. दुसरा अर्ज एका पानाचा झाला. छप्पर गळते, म्हणून वर्षातील तीन महिने वाचनालय बंद असते. पत्रे बदलायला इतका खर्च, दोन कपाटांना इतका. जुने छप्पर उतरवण्याचे श्रम आणि वाळू गावाची. सोबत वहीची नक्कल. मागितले त्याहून कमी मिळाले, पण मिळाले.

श्रोतेहो, देणारा काय पाहतो? तो तुमची गरज पाहतोच; पण त्याआधी, पैसे नव्हते तेव्हा तुम्ही काय करीत होता, हे पाहतो. ही काही आजची रीत नाही. शाळांना सरकारी अनुदान देण्याची पद्धत आपल्याकडे १८५४ च्या वुडच्या खलित्याने घातली. त्यातसुद्धा अटी होत्याच : स्थानिक लोकांनी व्यवस्था नीट पाहावी, तपासणीला तयार असावे, विद्यार्थ्यांकडून थोडी का होईना फी घ्यावी.

बडोद्याचे सयाजीराव महाराज यांनी १९१० नंतर आपल्या राज्यात खेडोपाडी वाचनालयांचे जाळे विणले. त्यांचा हिशेब मोठा मार्मिक होता. गावाने जेवढी वर्गणी जमवावी, तेवढीच रक्कम प्रांत पंचायतीने घालावी आणि तेवढीच सरकारने, अर्थात ठरावीक मर्यादेपर्यंत. म्हणजे गावाचा एक रुपया तीन रुपये होई. पण गावाने शून्य घातले, तर शून्याची तिप्पट शून्यच!

तिकडे अमेरिकेत पोलाद कारखानदार अँड्र्यू कार्नेगी याने ग्रंथालयांच्या इमारतींसाठी अपार पैसा दिला. १८८३ मध्ये स्कॉटलंडमधील त्याच्या जन्मगावी, डनफर्मलिनला, पहिले ग्रंथालय उघडले. १९२९ पर्यंत जगात अशी अडीच हजारांहून अधिक ग्रंथालये उभी राहिली. पण त्याची साधारण अट अशी असे की, जागा गावाने द्यावी आणि इमारतीला दिलेल्या रकमेच्या दहा टक्के इतका खर्च गावाने दरवर्षी कर बसवून करावा. इमारत मी देतो, पण तिच्यात दिवा तुम्ही लावायचा, असा हा सौदा होता.

आता तुमच्या अर्जाकडे वळू. पाच प्रश्नांची उत्तरे त्यात असली पाहिजेत.

पहिला, तुम्ही कोण? संस्थेचे नोंदणी प्रमाणपत्र, घटना, कार्यकारिणीची यादी, मागील तीन वर्षांचे तपासलेले हिशेब आणि धर्मादाय आयुक्तांकडे भरलेली विवरणे एका फाइलीत लावून ठेवा. पुष्कळ अर्ज वाईट असतात म्हणून नव्हे, तर एक कागद कमी पडला म्हणून बाजूला पडतात.

दुसरा, अडचण काय? ती आकड्यांत सांगा. 'पुष्कळ मुले' असे लिहू नका. किती मुले, ते लिहा.

तिसरा, पैशाचे काय करणार? 'वाचनसंस्कृतीचा विकास' म्हणजे काय, हे कोणालाच मोजता येत नाही. 'दोन कपाटे' मोजता येतात.

चौथा, खर्च किती? दोन-तीन दुकानांची दरपत्रके, म्हणजे आपण ज्यांना कोटेशन म्हणतो ती, जोडा. काटछाट होईल म्हणून रक्कम फुगवू नका, आणि संकोचाने कमीही मागू नका. ताकाला जाऊन भांडे लपवण्यात अर्थ नाही.

पाचवा आणि सर्वांत अवघड : पैसे संपल्यावर काय? संगणक मिळेल, पण विजेचे बिल कोण भरणार? याचे उत्तर अर्जात नसेल, तर ते तुमच्या मनातही नसते.

मागायचे कोठे? वाचनालयापुरते बोलायचे तर महाराष्ट्रात १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आहे. त्याखाली मान्यता मिळालेल्या ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग असून वर्गाप्रमाणे अनुदान ठरते. चौकशी जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांकडे करावी. कोलकात्याला राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान १९७२ पासून आहे. त्याच्या काही योजनांत राज्याला आपला वाटा घालावा लागतो, काहींत लागत नाही. कंपन्यांचे म्हणाल, तर २०१३ च्या कंपनी कायद्याप्रमाणे ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे किमान दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. सार्वजनिक ग्रंथालय उभारणे हे त्या कामांच्या यादीत आहे, आणि आपल्या कारखान्याच्या आसपासच्या भागाला कंपनीने प्राधान्य द्यावे, असेही कायदा म्हणतो. म्हणून आधी आपल्या तालुक्यातील कारखान्याचे दार ठोठवा. मात्र असा पैसा घेणाऱ्या संस्थेला २०२१ पासून कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे नोंदणी करावी लागते. परदेशातील संस्थेकडून रक्कम घ्यायची, तर २०१० च्या परकीय देणग्यांच्या कायद्याप्रमाणे नोंदणी किंवा पूर्वपरवानगी हवीच. 'आधी पैसे येऊ द्या, मग बघू' असे तेथे चालत नाही.

आता शेवटची गोष्ट, आणि ती सांगताना मला थोडी लाज वाटते. एका वर्षी पुस्तकांसाठी मंजूर झालेली रक्कम हाती यायला फेब्रुवारीची अखेर उजाडली. पुस्तके मागवली, पैकी मुलांची पुस्तके विक्रेत्याकडे नव्हती. एकतीस मार्च तोंडावर आलेला. मीच सुचवले, "गुरुजी, बिल आजच्या तारखेचं घेऊ. पुस्तकं सावकाश येतील. पैसे परत गेले तर नुकसान पोरांचंच." मला खरोखरच त्यात काही वावगे वाटले नव्हते. सगळेच असे करतात, असे मी ऐकले होते.

गुरुजींनी ती देवघेवीची वही माझ्यापुढे ठेवली. म्हणाले, "हिच्या जोरावर आपण मागितलं. आता न आलेलं पुस्तक हिच्यात चढवायचं? मग उद्या कशाच्या जोरावर मागायचं?"

आम्ही खरी हकीकत लिहून कळवली. उपयोगिता प्रमाणपत्रात, म्हणजे पैसा ठरल्या कामी लागल्याच्या दाखल्यात, जेवढे खर्च झाले तेवढेच लिहिले. उरलेली रक्कम परत भरावी लागली. पुढल्या वर्षी ती दामदुपटीने मिळाली असे सांगितले असते, तर गोष्ट गोड झाली असती. पण तसे काही झाले नाही. त्या सुट्टीत मुलांनी जुनीच पुस्तके पुन्हा वाचली. गुरुजी स्वतः खळ घेऊन बसत आणि फाटलेली पाने चिकटवीत.

गुरुजी आता नाहीत. वही चालू आहे. आषाढाची पानेही भरलेली असतात. पुढे जेव्हा जेव्हा आम्ही अर्ज केला, तेव्हा ती वही दाखवताना माझा हात कापला नाही, एवढे मात्र खरे.

म्हणून माझ्याकडे अर्ज लिहून घ्यायला अवश्य या. पण येताना आपली वही घेऊन या. वही नसेल, तर आज संध्याकाळीच एक आणा, समासाची रेघ मारा आणि पहिले नाव लिहा. तुमच्या अर्जाची पहिली ओळ तीच आहे.