पाठीवर सुरा, फांदीवर घर

गेल्या श्रावणात वर्गातली चार मुलं घेऊन मी रत्नागिरीजवळच्या एका सड्यावर फिरायला गेलो होतो. गवताच्या काडीवर पांढऱ्या फेसाचा गोळा पाहून एकाने विचारलं, "सर, इथं कोण थुंकून गेलं?" मी पडलो भाषेचा प्राध्यापक. उत्तर मलाही येईना. शेवटी प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या सहकाऱ्यांना गाठलं. त्यांच्याकडून जे कळलं, ते आज तुम्हांला सांगतो.

फेस काडीने हलकेच बाजूला सारला, की आत एक मऊ, फिकट पिल्लू दिसते. आपण त्याला फेसकिडा म्हणू. आंब्याच्या मोहोरावरचा तुडतुडा तुम्ही ओळखताच; हा त्याचा लांबचा भाऊबंद. मात्र दोघांचा आहार वेगळा. तुडतुडा झाडाचा गोड अन्नरस शोषतो, म्हणून तर मोहोर चिकट होतो आणि त्यावर काळी बुरशी धरते. फेसकिडा मुळांकडून वर चढणारे पाणी ओढतो. त्यात सत्त्व अगदी थोडे, तेव्हा पाणी प्यावे लागते भरमसाट! ते ओढायलाही जोर लागतो. म्हणून या किड्याचे तोंड पुढून फुगीर असते. आत शोषणाचे दणकट स्नायू असतात. जादा पाणी मागून बाहेर पडते. पिल्लू त्यात हवा घुसळून फेस करते आणि त्या फेसात उन्हापासून नि शत्रूंपासून लपून राहते.

याच गोतात मॅकेरोटा नावाची एक विरळा प्रजाती आहे. हे नाव बुर्माइस्टर या जर्मन शास्त्रज्ञाने 1835 मध्ये दिले. ग्रीक भाषेत 'माखाइरा' म्हणजे सुरा. नाव अगदी चपखल आहे, कारण मोठ्या किड्याच्या पाठीवर मागे वळलेला लांब काटा असतो. काटे मिरवणारे दुसरेही किडे झाडांवर दिसतात. पण त्यांचा काटा डोक्यालगतच्या ढालीतून निघतो. मॅकेरोटाचा काटा त्यामागच्या, पंखांच्या मुळाशी असलेल्या लहान त्रिकोणी ढालीतून निघतो. ही त्याची पक्की खूण.

पिल्लाची तऱ्हा तर आणखी न्यारी. ते फेसात राहत नाही. फांदीला चिकटलेली चुन्याची बारीक नळी बांधते. तिचा माल त्याच्याच शरीरातून येतो. नळीत तेच जादा पाणी भरलेले असते. त्यात डोके खाली करून, सोंड फांदीत रुतवून पिल्लू बुडून राहते. पंख फुटायची वेळ आली, की मात्र ते नळीच्या तोंडाशी फेस काढते आणि तिथे शेवटची कात टाकते. घर बदलले, तरी घराण्याची रीत काही सुटली नाही!

ही प्रजाती भारत-श्रीलंकेपासून आग्नेय आशियातून ऑस्ट्रेलियापर्यंत आढळते. आपल्याकडच्या या किड्यांची मोठी नोंद डिस्टंट यांनी 'फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया' या ग्रंथमालेच्या 1908 च्या खंडात केली. संग्राहकांनी जमवलेल्या नमुन्यांवर असे ग्रंथ उभे राहतात. जिथे संग्राहक पोचला, तिथले गाव ग्रंथात आले. तेव्हा नकाशावर एखादा तालुका कोरा दिसला, तर तिथे किडा नाही असे ठरत नाही. तिथली फांदी कुणी निरखली नाही, एवढेही असू शकते.

म्हणून तुम्हांला एक विनंती. तुडतुड्यासाठी आंब्यावर फवारणी करावी लागते, ते मला ठाऊक आहे. पण कुंपणातल्या, बांधावरच्या झाडाला पांढुरकी, बारीक नळी चिकटलेली दिसली आणि तिच्या तोंडाशी पाण्याचा थेंब लोंबत असला, तर ती कीड समजून खरडू नका. झाडाचे नाव, जागा आणि तारीख लिहून ठेवा. जवळच्या कॉलेजातल्या प्राणिशास्त्राच्या शिक्षकांना बोलावून दाखवा. त्या मुलाने आता वहीच घातली आहे. पहिल्या पानावर सड्यावरच्या त्या फेसाची नोंद आहे. पुढची पानं अजून कोरी आहेत.