सुईणीच्या हातांचे ऋण
(महिला मेळाव्यातील भाषण)



अमेरिकेतील काळ्या सुईणींविषयीच्या एका लेखाचा अनुवाद करताना मी प्रथम ‘अडाणी दाया’ असा शब्दप्रयोग केला होता. लेख संपेपर्यंत तो मला खोडावा लागला. तो का, एवढेच आज सांगावयाचे आहे.

गुलामगिरीच्या काळात या स्त्रिया मळ्यांवरील गुलाम मातांची बाळंतपणे करीत आणि मालकिणींचीही करीत. १८६५ मध्ये गुलामगिरी कायद्याने संपली. तरी दक्षिणेतील कित्येक इस्पितळांची दारे काळ्यांना पुढे अनेक दशके बंदच राहिली, आणि वाट्याने शेती कसणाऱ्याला डॉक्टरची फी परवडत नसे. चिखल तुडवीत रात्री-अपरात्री येणारी सुईण हीच या कष्टकऱ्यांची आरोग्यव्यवस्था होती. मोबदला कधी कोंबडीच्या रूपाने मिळे, कधी मुळीच मिळत नसे.

१९२१ च्या शेपर्ड-टाउनर कायद्याने माता-बालकांसाठी सरकारी निधी आला. त्याबरोबर सुईणींचे वर्ग, नोंदणी आणि तपासणीही आली. स्वच्छतेचे शिक्षण हितावहच होते. परंतु मातांच्या मृत्यूचा दोष सुईणीच्या अज्ञानावर टाकणाऱ्यांनी दारिद्र्याकडे आणि वर्णभेदाकडे मात्र डोळेझाक केली.

दक्षिण कॅरोलिनातील प्रशिक्षित परिचारिका-सुईण मॉड कॅलन यांचे काम १९५१ साली यूजीन स्मिथ यांच्या छायाचित्रांतून ‘लाइफ’ साप्ताहिकात झळकले. वाचकांनी पाठविलेल्या देणग्यांतून त्यांचा दवाखाना उभा राहिला. जगातील सर्वांत धनाढ्य राष्ट्रात गरीब बाळंतिणीसाठी वर्गणी जमवावी लागली! जॉर्जियातील मेरी कोली यांचे कौशल्य १९५३ च्या ‘ऑल माय बेबीज’ या बोधपटात सुईणींच्या शिक्षणासाठी चित्रित झाले. तरीही हळूहळू या स्त्रियांना बाजूला सारले गेले; अलाबामाने तर १९७६ मध्ये कायदा करून पारंपरिक सुईणींचा मार्गच बंद केला.

सुईण गेली, विषमता गेली नाही. २०२३ मध्ये अमेरिकेत दर लाख जिवंत जन्मांमागे काळ्या मातांचे मृत्यू ५०.३ होते, तर गोऱ्या मातांचे १४.५.

भगिनींनो, आपला विरोध विज्ञानाला नाही. विज्ञान श्रमिक स्त्रीच्या दारापर्यंत पोहोचावे, आणि ते पोहोचविणाऱ्या हातांना शिक्षण, वेतन व मान मिळावा, ही आपली मागणी आहे. माझ्या अनुवादात आता ‘अनुभवी सुईणी’ असे शब्द आहेत. त्या हातांना माझे विनम्र अभिवादन!