डोंगरातील अवर्षण : सिक्कीमच्या झऱ्यांची साक्ष



अवर्षण म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर माणदेश किंवा मराठवाडा उभा राहतो. पूर्व हिमालय सहसा आठवत नाही. तरीही तीस्ता आणि रंगीत या नद्यांच्या पाणलोट क्षेत्रात, विशेषतः सिक्कीमच्या दक्षिण व पश्चिम भागांत, मार्च ते मे या काळात पिण्याच्या पाण्याची टंचाई जाणवते. दार्जिलिंगच्या डोंगररांगांच्या पर्जन्यछायेतील हा पट्टा राज्याच्या इतर भागांहून कोरडा असला, तरी सोलापूरपेक्षा तेथे कितीतरी अधिक पाऊस पडतो. मग टंचाई कशामुळे?

पर्जन्यमान सरासरीपेक्षा २६ टक्के किंवा त्याहून अधिक घटले, तर भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या निकषानुसार हवामानशास्त्रीय अवर्षण मानले जाते. परीक्षेच्या दृष्टीने हा निकष पाठ असावाच. मात्र डोंगराळ प्रदेशात तो अपुरा पडतो. वार्षिक बेरीज सरासरीइतकीच राहते, पण पाऊस थोड्या दिवसांत, मोठ्या सरींनी कोसळतो आणि हिवाळी पाऊस हुलकावणी देतो. तापमान एक अंश सेल्सिअसने वाढल्यास हवेची बाष्प धारण करण्याची क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. मुसळधार सरींचे प्रमाण वाढण्यामागील हे एक प्रमुख कारण होय. तीव्र उतारावर अशा सरीचे पाणी मुरण्यापूर्वीच दरीत पोहोचते. आकडेवारीत पाऊस दिसतो. खडकाच्या पोटात मात्र तो उतरत नाही.

सिक्कीमच्या ग्रामीण भागातील सुमारे ८० टक्के कुटुंबे झऱ्यांवर अवलंबून आहेत. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तेथील झऱ्यांचा सरासरी प्रवाह सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये मिनिटाला ५१ लिटर, तर मार्च ते मेमध्ये केवळ ८ लिटर आढळला. अवर्षणप्रवण भागांत उन्हाळी प्रवाह दशकभरात जवळजवळ निम्म्यावर आल्याचे ग्रामस्थांचे म्हणणेही त्यात नोंदले आहे. तो त्यांचा अनुभव आहे, मोजमाप नव्हे; पण जेथे मोजमापच नव्हते, तेथे हाच पुरावा हाती असतो.

या पार्श्वभूमीवर सिक्कीमच्या ग्रामविकास विभागाने २००८ मध्ये ‘धारा विकास’ उपक्रम हाती घेतला. (मराठीत ‘धारा’ म्हणजे पावसाची सर, नेपाळीत हाच शब्द झऱ्यासाठी वापरतात.) उतारावर समतल चर व खड्डे खोदून पावसाचे पाणी अडवायचे आणि मुरवायचे, ही त्याची पद्धत. ही कामे रोजगार हमीच्या निधीतून झाली. भूजलशास्त्राच्या प्रशिक्षणात पुण्याच्या ‘ॲक्वाडॅम’ संस्थेचा सहभाग होता. पाच झऱ्यांवरील प्रयोगात टंचाईकाळातील प्रवाह मिनिटाला ४.४ लिटरवरून २०१०-११ मध्ये १४.४ लिटरपर्यंत गेला. पाच झरे म्हणजे फार मोठा नमुना नव्हे, हे ध्यानात ठेवूनही हा फरक दखल घेण्याजोगा आहे.

यातील खरी मेख भूगर्भात आहे. नदीचे पाणलोट क्षेत्र डोंगरमाथ्याच्या रेषेने ठरते. झऱ्याचे मात्र खडकाच्या थरांच्या कलाने ठरते. थर कलते असल्यास डोंगराच्या एका अंगाला पडलेला पाऊस दुसऱ्या अंगाला झरा होऊन प्रकटतो. त्यामुळे झऱ्याच्या थेट वरच्या बाजूस चर खोदून कित्येकदा काहीच साधत नाही. केवळ नकाशावरील समोच्च रेषा पाहून आखलेले पाणलोट कार्यक्रम येथेच फसतात.

नीती आयोगाच्या २०१८ च्या अहवालानुसार देशात सुमारे ५० लाख झरे असून त्यांपैकी जवळपास ३० लाख भारतीय हिमालयात आहेत, आणि त्यांतील निम्मे आटले आहेत किंवा आटत आहेत. या झऱ्यांच्या बाबतीत तंत्राइतकाच हक्काचा प्रश्नही बिकट आहे. पुनर्भरणाची जमीन वरच्या गावाची, खाजगी मालकाची वा वन विभागाची असू शकते. पाणी मात्र खालच्या वस्तीला मिळते. चर खोदताना वरच्या गावाला मजुरी मिळते. परंतु चरांत गाळ साचतो, तो दर पावसाळ्यापूर्वी काढावा लागतो आणि त्या खर्चाचा वाटा खालच्या वस्तीने उचलावा काय, हे दोन्ही ग्रामपंचायतींना एकत्र बसूनच ठरवावे लागते.