वाचनाचा ओनामा बोटांपासून

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत सानपाडा येथे दिलेले व्याख्यान)



पन्नास वर्षांची वाटचाल पूर्ण करणाऱ्या संस्थेने आपल्या आनंदसोहळ्यात एका विशेष शिक्षिकेला बोलावे, याबद्दल मी मनःपूर्वक ऋणी आहे.

मराठीत आरंभाला आपण ‘ओनामा’ म्हणतो. ‘ॐ नमः सिद्धम्’ या शब्दांनी मुलांची अक्षरओळख सुरू होत असे, त्यावरून तो शब्द आला, हे या सभागृहात मी सांगण्याची आवश्यकता नाही. मला लक्ष वेधायचे आहे ते गिरवण्याकडे. धूळपाटीवर बोट फिरवणारे मूल डोळ्यांबरोबर बोटानेही अक्षर शिकत होते. पुढे छापील पुस्तक आले आणि बोटाचे काम संपले. ज्या बालकांविषयी मी बोलणार आहे, त्यांच्यापुढे मात्र बोटाखेरीज दुसरी वाट नाही.

डोळस मूल शाळेत येण्यापूर्वीच कितीतरी वाचते. आईच्या कडेवर बसून ते सानपाडा स्थानकाचा फलक पाहते, बिस्किटाच्या पुड्यावरची अक्षरे पाहते, आजोबांच्या हातातील वर्तमानपत्र पाहते. त्याला एकही अक्षर येत नसते. पण त्या काळ्या खुणांतून माणसे काहीतरी काढून घेतात, एवढे त्याला उमगलेले असते. दृष्टिहीन बालकाच्या वाट्याला ही पहिली पाच वर्षे कोरीच जातात.

माझ्या नोकरीच्या प्रारंभीची गोष्ट सांगते. सात वर्षांची एक मुलगी वर्गात आली. अतिशय चुणचुणीत, कितीतरी गोष्टी तिला तोंडपाठ. मी म्हटले, “आता आपण गोष्ट वाचू.” ती म्हणाली, “वाचायची कशाला बाई? तुम्ही सांगा ना, आई सांगते तशी.” तिची आई रोज रात्री पुस्तकातूनच वाचत असे. पान उलटल्याचा आवाज मुलगी ऐकत होती. पण तो कशाचा, हे तिला कुणी सांगितलेच नव्हते. आईच्या बांगड्या वाजतात, तसाच तोही एक आवाज! आणि मी काय केले, तर दुसऱ्याच दिवशी तिला सहा टिंबे शिकवायला बसले. दोन महिन्यांत तिला टिंबे ओळखता येऊ लागली; ती कशासाठी ओळखायची, हे मात्र कळले नाही. ती चूक सर्वस्वी माझी होती.

आपल्याकडे या शिक्षणाची परंपरा जुनी आहे. अमेरिकन मराठी मिशनच्या ॲना मिलार्ड यांनी १९०० साली मुंबईत अंध मुलांची शाळा सुरू केली. तीच आजची दादरची कमला मेहता अंधशाळा. पूर्वी देशाच्या निरनिराळ्या भागांत ब्रेलच्या निरनिराळ्या पद्धती चालत. १९५१ साली सर्व भारतीय भाषांसाठी ‘भारती ब्रेल’ हा समान संकेत स्वीकारला गेला. मराठी ब्रेल त्याचेच रूप आहे, आणि ते शिकायला वाटते तितके अवघड नाही. सहा टिंबांचा एक खण. दोन उभ्या रांगा, प्रत्येकीत तीन टिंबे. ‘अ’ म्हणजे डाव्या रांगेतील वरचे एकच टिंब; ‘क’ म्हणजे त्याच रांगेतील सर्वांत वरचे आणि सर्वांत खालचे. छापील ‘कि’मध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी येते, ब्रेलमध्ये आधी ‘क’, नंतर ‘इ’, म्हणजे उच्चाराप्रमाणेच. स्वराला व त्याच्या मात्रेला एकच खूण असते. या बाबतीत डोळस मुलांपेक्षा आमच्या मुलांना सोपे जाते, असे मी गमतीने म्हणत असते.

अडचण आहे ती बारीकपणाची. दोन टिंबांतील अंतर जेमतेम २.५ मिलिमीटर असते. तीन वर्षांच्या बोटाला ते एकदम झेपत नाही. बोट घडवावे लागते. परदेशी पुस्तके अंड्यांच्या ट्रेमध्ये चेंडू ठेवून सहा टिंबे शिकवायला सांगतात. तो ट्रे या सभागृहात चालणार नाही. पेढ्यांच्या रिकाम्या खोक्यात पुठ्ठ्याचे सहा खण करून त्यांत सुपाऱ्या ठेवल्या की काम भागते. तूरडाळ व मूगडाळ निवडणे, रवा आणि राजगिरा ओळखणे, ही कामे तर आपल्या घरात आयतीच आहेत.

परंतु बोटापूर्वी मनाची तयारी हवी. त्यासाठी आम्ही अनुभवाचे पुस्तक करतो. मुलाला तुर्भ्याच्या मसाला बाजारात न्यावे. तो वास सानपाड्याच्या मुलांना परका नाही. घरी आल्यावर जाड पुठ्ठ्याच्या चार पानांवर एकेक वस्तू घट्ट शिवावी: दालचिनीचा तुकडा, वेलदोडा, गोणपाटाची चिंधी, बाजारात मिळालेली पावती. प्रत्येकाखाली ब्रेलमध्ये एकच शब्द. मूल तो शब्द वाचत नाही, नुसता चाचपते. आई तो उच्चारते. तेवढ्यात पुस्तक म्हणजे काय, हे त्याला समजते. पुढे बाजारातील गोष्टीच्या पुस्तकावर पारदर्शक चिकट कागदावरील ब्रेल ओळी चिकटवल्या, की डोळस आई आणि दृष्टिहीन मूल एकच पान वाचू शकतात. त्या सात वर्षांच्या मुलीकडे मी अखेर अशाच पुस्तकाने वळले. तिचे पहिले पान बांगडीचे होते.

ज्यांना दिसत नाही आणि ऐकूही येत नाही, त्या बधिरांध बालकांचे काय? त्यांतील अनेकांना थोडे दिसते वा थोडे ऐकू येते, हे आधी लक्षात घ्यावे. १८३७ साली बोस्टनच्या अंधशाळेत आलेल्या लॉरा ब्रिजमन या मुलीला डॉ. हाव यांनी चमचा, किल्ली यांवर उठावाच्या अक्षरांच्या चिठ्ठ्या चिकटवून शब्द शिकवला. हेलन केलर त्यानंतरच्या. त्यांच्याच नावाची, बधिरांधांसाठी काम करणारी संस्था बेरोज वाच्छा यांनी १९७७ साली मुंबईत सुरू केली. तिचे एक केंद्र आपल्या जवळच महापे येथे आहे. अशा मुलाला जेवणापूर्वी वाटी हाती द्यावी, आंघोळीपूर्वी टॉवेल. हॉलंडच्या यान व्हॅन डायक यांनी रुजवलेल्या पद्धतीनुसार दिवसभराच्या या वस्तू एका ओळीतील खणांत क्रमाने मांडतात. काही महिन्यांनी वाटीऐवजी वाटीचा तुकडा लावलेले कार्ड, कालांतराने त्या कार्डावर ब्रेल शब्द. मुलाचा हात धरून ओढू नये; आपला हात त्याच्या हाताखाली ठेवावा, म्हणजे नको वाटल्यास त्याला हात काढून घेता येतो.

मोबाईल सर्व वाचून दाखवतो, मग ब्रेल कशाला, असे मला हल्ली सुशिक्षित मंडळी विचारतात. ‘दिन’ आणि ‘दीन’ कानाला जवळजवळ सारखेच. ऐकलेले मूल बहुश्रुत होईल. स्वतःचे नाव शुद्ध लिहायला त्याला अक्षरच लागेल.

२०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्यात बधिरांधत्वाचा स्पष्ट उल्लेख आला, आणि किमान ४० टक्के दिव्यांगत्व असलेल्या सहा ते अठरा वर्षांच्या बालकांना मोफत शिक्षणाचा हक्क मिळाला. म्हणजे सहाच्या आतील वर्षे बहुतांशी घरावर आणि आपल्यासारख्या संस्थांवर राहतात. वाढदिवसाला अंधशाळेत मिष्टान्न देणाऱ्यांविषयी मला आदर आहे; ते थांबवा असे मी म्हणत नाही. माझी विनंती एवढीच, की या ट्रस्टच्या महिला मंडळाने महिन्यातून एक दुपार अशी पुस्तके शिवावीत. ब्रेलचे शब्द टोचून देण्याचे काम माझे.

नमुन्याची चार पुस्तके दाराजवळच्या टेबलावर ठेवली आहेत. अवश्य हाताळावीत, फक्त टिंबांवर बोट जोरात दाबू नये, ती चपटी होतात.