बिनतारी जोडणी नाहीशी होते तेव्हा

(शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य व कार्यालयीन कर्मचारी यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



वीज गेली म्हणजे काय झाले असावे, याचा अंदाज गावातील शाळकरी मुलगाही बांधू शकतो. फ्यूज उडाला, तार तुटली की रोहित्र जळाले, हे थोडेफार ताडूनच वायरमनला निरोप धाडला जातो. ‘नेट गेले’ ही तक्रार मात्र अशी आहे की, तिच्या पोटात चार-पाच निरनिराळे दोष दडलेले असतात आणि तक्रार करणाऱ्यास त्यांतील एकही वेगळा करून सांगता येत नाही. परिणामी कधी केवळ एक बटण दाबले गेल्याने कार्यालयाचे कामकाज खोळंबते. दाखल्यासाठी आलेला शेतकरी परत जातो; शिष्यवृत्तीचा अर्ज भरण्याचा शेवटचा दिवस असेल, तर विद्यार्थ्याचे वर्षाचे नुकसान होते.

ज्या पेटीला आपण सरसकट ‘मोडेम’ किंवा ‘राऊटर’ म्हणतो, तिच्या एकाच कवचात तीन उपकरणे नांदत असतात, ही गोष्ट प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. बाहेरून येणाऱ्या तारेवरील संदेश उलगडणारा तो मोडेम; तो संदेश घरातील अनेक यंत्रांना वाटून देणारा तो राऊटर; आणि हे वाटप तारेवाचून, रेडिओ लहरींच्या द्वारे करणारे एक लहानसे प्रक्षेपण केंद्र. या तिघांपैकी तिसरे बंद पडले, तरी पहिली दोन बिनतक्रार चालू राहू शकतात. म्हणूनच पेटीवरचे दिवे लुकलुकत असतात आणि तरीही मोबाइलवर जोडणीचे नाव दिसत नाही.

याची परीक्षा सोपी आहे. पेटीच्या मागील बाजूस चौकोनी खाचा असतात. त्यांतील एकीतून तार काढून ती थेट संगणकास जोडावी. अशा रीतीने संकेतस्थळे उघडली, तर बाहेरची लाइन शाबूत आहे आणि दोष केवळ बिनतारी भागात आहे, हे सिद्ध झाले. तारेनेही काही उघडत नसेल, तर बिनतारी भागाशी खटपट करण्यात अर्थ नाही. दोष बहुधा बाहेर आहे. फायबरच्या जोडणीत अशा वेळी ‘लॉस’ लिहिलेला दिवा लाल दिसला, तर तारेतून प्रकाशच येत नाही असे समजावे. दोन रुपयांच्या कागदावर उतरवून भिंतीस लावावी अशी ही परीक्षा आहे. यंत्रज्ञाची निम्मी फेरी तिच्यामुळे वाचते.

दोष बिनतारी भागातच आहे असे ठरले, तर सर्वप्रथम पेटीची कड व पाठ न्याहाळावी. पुष्कळशा पेट्यांवर वाय-फाय चालू-बंद करण्याचे छोटे बटण असते. धूळ पुसताना, पेटी सरकवताना अथवा मुलांच्या खेळात ते दाबले जाते आणि ‘डब्ल्यूलॅन’ किंवा ‘वाय-फाय’ असे लिहिलेला दिवा विझतो. बटण पुन्हा काही क्षण दाबून धरले की दिवा लागतो. इतक्या क्षुल्लक कारणासाठी नवी पेटी विकत घेतली जाते, ही खेदाची गोष्ट होय.

दिवा लागत नसेल, किंवा लागून पुन्हा पुन्हा विझत असेल, तर संशयाची सुई विजेच्या अडॅप्टरकडे वळवावी. लहरी प्रक्षेपित करताना पेटीस अधिक विद्युत्प्रवाह लागतो. जुना, दुबळा झालेला अडॅप्टर दिवे पेटते ठेवण्याइतकी वीज पुरवतो, पण प्रक्षेपणाचा भार त्यास पेलवत नाही. दुसऱ्या एखाद्या यंत्राचा अडॅप्टर केवळ टोक बसते म्हणून लावण्याची सवयही घातक आहे. पेटीच्या खालील चिठ्ठीवर किती व्होल्ट आणि किती अँपिअर हवेत ते छापलेले असते. व्होल्ट तंतोतंत तेवढेच आणि अँपिअर तेवढे किंवा अधिक असावेत.

यानंतर प्रश्न येतो जागेचा. चोरीच्या भीतीने पेटी लोखंडी कपाटात कुलूपबंद ठेवली जाते, आणि मग शेजारच्या खोलीत जोडणी मिळत नाही अशी ओरड होते! धातूचा पत्रा या लहरी परतवून लावतो. पाण्याची टाकी, जाड दगडी भिंत, पावसाळ्यात ओलावलेली मातीची भिंत यांमधूनही त्या क्षीण होऊन बाहेर पडतात. जुन्या वाड्यात भरणाऱ्या शाळेत आणि पत्र्याच्या शेडमधील वर्गात एकच पेटी सारखेच काम देईल, ही अपेक्षा चुकीची आहे. ती उंचावर, मोकळ्या हवेत, शक्यतो मध्यभागी असावी. कोंडलेल्या उष्णतेनेही ती दुपारी बंद पडते आणि सकाळी ठाकठीक चालते. असा वेळेचा मेळ दिसला की दुसरे कारण शोधण्याआधी तिला वारा मिळू द्यावा.

आता थोडे लहरींविषयी. घरगुती बिनतारी जोडणी मुख्यत्वे २.४ गिगाहर्ट्‌झ आणि ५ गिगाहर्ट्‌झ या दोन पट्ट्यांवर चालते. भारतात पहिला पट्टा २००५ साली आणि दुसऱ्याचा विस्तृत भाग २०१८ साली परवान्यातून मुक्त करण्यात आला. परवाना नाही, त्यामुळे संरक्षणही नाही. शेजाऱ्याच्या पेटीने अडथळा आणला, तर दाद मागता येत नाही. २.४ चा पट्टा लांब पोहोचतो, पण तो गजबजलेला असतो. मायक्रोवेव्ह ओव्हनही त्याच सुमारास काम करतो. पट्ट्यातील १, ६ व ११ हे मार्ग एकमेकांवर चढत नाहीत, म्हणून पेटीच्या मांडणीत त्यांपैकी कमी गर्दीचा निवडावा. ५ चा पट्टा वेगवान, परंतु भिंतीपुढे लवकर हार खाणारा आहे. शिवाय जुन्या मोबाइलना तो दिसतच नाही. तेव्हा एकाच्या फोनवर जोडणीचे नाव दिसते आणि दुसऱ्याच्या फोनवर दिसत नाही, असे घडले तर पेटी नव्हे, पट्टा पाहावा.

एवढ्यानेही काम न झाल्यास तारेने जोडलेल्या संगणकावरून पेटीचे मांडणीचे पान उघडावे. त्याचा पत्ता, बहुधा १९२.१६८.१.१ अशासारखा, पेटीच्या खाली लिहिलेला असतो. बिनतारी विभाग चालू आहे का, नाव लपवलेले तर नाही, आणि रात्री बंद ठेवण्याची वेळ कोणी लावून ठेवली आहे काय, एवढे पाहणे पुरेसे आहे. संकेतशब्द बदललेला असल्यास जुन्या फोनमधील नोंद पुसून नव्याने जोडावे लागते.

येथे एका घाईविषयी सांगितलेच पाहिजे. पेटी बंद करून अर्ध्या मिनिटाने चालू करणे हा निरुपद्रवी उपाय आहे आणि तो आरंभीच करून पाहावा. टाचणीने दाबावयाचे ‘रीसेट’चे छिद्र ही मात्र अगदी निराळी वस्तू होय. ते दहा-पंधरा सेकंद दाबले की पेटी कारखान्यातून आली तशी कोरी होते. जोडणी देणाऱ्या संस्थेने भरलेले वापरनाव व संकेतशब्दही अनेकदा त्यासोबत पुसले जातात. म्हणजे आधी केवळ बिनतारी भाग बंद होता; आता तारेवरचे कामही बंद पडले! दोष अर्धा होता तो पुरा केला. हे छिद्र ज्याच्याजवळ ते तपशील लिहून ठेवलेले आहेत, त्यानेच आणि अगदी अखेरीस दाबावे.

रीसेटनंतर कारखान्याचा मूळ संकेतशब्द परत येतो, हा आणखी एक धोका. तो अनेकांस ठाऊक असू शकतो. नवा, लांब संकेतशब्द ताबडतोब घालावा आणि सुरक्षेचा प्रकार डब्ल्यूपीए-२ किंवा डब्ल्यूपीए-३ ठेवावा; जुना ‘वेप’ हा प्रकार आता सहज मोडता येतो. कार्यालयाची जोडणी उघडी ठेवणे म्हणजे दप्तराचे कपाट उघडे टाकून घरी जाणे होय.

ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची योजना केंद्रीय मंत्रिमंडळाने २०११ साली मंजूर केली. पुढे ती ‘भारतनेट’ या नावाने ओळखली गेली. परंतु तार कार्यालयाच्या भिंतीपर्यंत आली, तरी भिंतीपासून टेबलापर्यंतचे शेवटचे दहा पावलांचे अंतर या लहानशा पेटीवरच अवलंबून असते. प्रत्येक कार्यालयात व शाळेत एका नोंदवहीत पुढील तपशील असावेत: पेटीचे नाव व क्रमांक, मांडणीच्या पानाचा पत्ता, जोडणीचे वापरनाव, अडॅप्टरचे व्होल्ट आणि अँपिअर, तसेच तक्रार नोंदवण्याचा दूरध्वनी क्रमांक. संकेतशब्द मात्र वेगळ्या पाकिटात, मोहोरबंद, ग्रामसेवक किंवा मुख्याध्यापक यांच्या ताब्यात असावेत. तक्रार करताना ‘नेट गेले’ असे न म्हणता, ‘तारेने चालते, बिनतारी चालत नाही, वाय-फायचा दिवा विझलेला आहे, अडॅप्टर बदलून पाहिला’ असे सांगावे आणि मिळालेला तक्रार क्रमांक त्याच नोंदवहीत तारखेसह उतरवावा.