यकृतातील चरबी : धोका दाहाचा



पोटाच्या सोनोग्राफीच्या अहवालात ‘फॅटी लिव्हर’ हे शब्द आढळले, म्हणजे घरोघरी दोन प्रकार दिसतात. काही कुटुंबे घाबरून जातात. तर काही ‘हल्ली सर्वांनाच असते’ असे म्हणून अहवाल कपाटात ठेवून देतात. हे दोन्ही चूक होय. यकृतातील चरबी आणि यकृताचा दाह यांतील भेद समजला, तर या रोगाकडे किती गांभीर्याने पाहावयाचे हे ध्यानात येते.

वापरापेक्षा अधिक झालेली ऊर्जा शरीर चरबीच्या रूपाने साठविते. तिची योग्य जागा त्वचेखाली आहे. ती जागा अपुरी पडू लागली, की चरबी पोटाच्या अंतर्भागात आणि यकृताच्या पेशींत साठते. शंभरांपैकी पाचांहून अधिक पेशींत ती दिसू लागली, म्हणजे वैद्यकशास्त्र त्यास रोग मानते. पुष्कळ रुग्णांमध्ये ही चरबी वर्षानुवर्षे तशीच राहते व यकृतास फारसा अपाय करीत नाही. दाह सुरू झाला, म्हणजे मात्र रोगाचे स्वरूप पालटते.

दाह म्हणजे इजेविरुद्ध शरीराने केलेली संरक्षणाची हालचाल. पायात काटा मोडला, की तो भाग लाल होतो, सुजतो, ठणकतो. काटा निघाला, की सूज ओसरते. यकृतात मात्र हा काटा निघतच नाही. चरबीने फुगलेल्या पेशींना इजा होते, काही मरतात. त्यांतून बाहेर पडणाऱ्या द्रव्यांमुळे यकृतातील पहारेकरी, म्हणजे कुफर पेशी, जाग्या होतात आणि रक्तातून आणखी संरक्षक पेशींना बोलावून घेतात. आतड्यांतून झिरपणारे जीवाणूंचे अंश त्यात भर घालतात. हा प्रकार दीर्घकाळ चालला, की यकृतातील ताराकार पेशी तंतूंचे जाळे विणू लागतात. जखम भरताना वण पडावा, तसे हे वण मऊ यकृतास हळूहळू कठीण करतात. त्याचीच अखेरची अवस्था म्हणजे सिरोसिस. काहींना पुढे कर्करोगही होतो. दुर्दैवाने यकृताच्या अंतर्भागास वेदना जाणवत नाही. कावीळ किंवा पोटात पाणी होणे ही लक्षणे दिसतात तेव्हा बराच उशीर झालेला असतो.

मद्यपानाने यकृत बिघडते हे सर्वश्रुत आहे. परंतु मद्य न घेणाऱ्यांच्या यकृतातही तसाच दाह आढळतो, हे अमेरिकेतील मेयो क्लिनिकचे डॉ. लुडविग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० साली दाखवून दिले व त्या अवस्थेस स्वतंत्र नाव दिले. मधुमेह, पोटाचा घेर आणि बैठे जीवन ही त्याची प्रमुख कारणे होत. त्यात मद्याची भर पडली, तर हानी अधिक वेगाने होते.

अंगाने सडपातळ माणसासही हा धोका असू शकतो. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली स्वतःचीच उदाहरणे प्रसिद्ध केली. उंचीच्या मानाने वजन दाखविणारा निर्देशांक दोघांचाही २२.३ होता; परंतु शरीरातील चरबी डॉ. युडकिन यांची ९.१ टक्के, तर डॉ. याज्ञिक यांची २१.२ टक्के निघाली. यास्तव केवळ वजनकाट्यावर विसंबू नये. पुरुषाच्या कमरेचा घेर ९० सेंटिमीटरपेक्षा व स्त्रीचा ८० सेंटिमीटरपेक्षा अधिक असल्यास सावध व्हावे.

कोल्हापूरच्या संदर्भात दोन गोष्टी विशेष लक्षात घ्याव्यात. राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयाने येथे कुस्ती बहरली. तालमीतल्या मल्लाचा दूध, तूप, बदामाचा खुराक जोर-बैठकांत खर्ची पडत असे. मेहनत सुटली आणि खुराक मात्र तसाच राहिला, तर त्याचा साठा यकृतात होतो. दुसरी गोष्ट गुळाची. कोल्हापुरी गुळाचा लौकिक सार्थ आहे; तथापि साखर सोडून तितकाच गूळ खाल्ल्याने यकृताची सुटका होत नाही. दोहोंतही मुख्य अंश एकाच शर्करेचा असतो, आणि तिच्यातील फ्रुक्टोज अधिक मात्रेत गेल्यास त्याची चरबी बनविण्याचे काम यकृतच करते. शीतपेये व बाटलीबंद सरबते यांनाही हेच लागू पडते.

सोनोग्राफीत चरबी दिसते, दाह दिसत नाही. रक्तातील विकरांचे प्रमाण योग्य असले, तरीही दाह असू शकतो. म्हणून वय, रक्तातील दोन विकरे आणि प्लेटलेटची संख्या यांवरून ‘फिब-४’ हा अंक काढतात. तो १.३ पेक्षा कमी असल्यास यकृतात वण पडले असण्याची शक्यता थोडी. अधिक असल्यास पुढील तपासणी आवश्यक ठरते.

समाधानाची बाब ही, की हा दाह ओसरू शकतो. क्यूबातील २९३ रुग्णांच्या २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एका वर्षात ज्यांनी आपले वजन दहा टक्के किंवा अधिक घटविले, त्यांच्यापैकी ९० टक्के रुग्णांचा दाह शमला व ४५ टक्के रुग्णांचे वणही कमी झाले. सत्तर किलोच्या माणसास याचा अर्थ सात किलो. तेही उपासमार करून नव्हे, तर सावकाश. २०२४ साली अमेरिकेत या रोगावरील पहिल्या औषधास मान्यता मिळाली. तेही आहार व व्यायाम यांच्या जोडीनेच घ्यावयाचे आहे. वैद्यकीय सल्ल्याविना यकृतासाठी म्हणून काढे व चूर्णे घेणे मात्र टाळावे. त्यांतील काहींनी यकृतासच इजा होते.

केंद्र शासनाने २०२१ साली या रोगाचा समावेश असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात केला. तीस वर्षांवरील व्यक्तींच्या तपासणीत आशा कार्यकर्ती कमरेचा घेर मोजतात. ती नोंद केवळ कागदावर राहू नये. मधुमेही व पोट सुटलेल्या ग्रामस्थांस प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठविणे, ग्रामसभेत हा विषय मांडणे, शाळेच्या परिसरातून शीतपेये हद्दपार करणे आणि बंद पडलेली तालीम पुन्हा उघडणे, एवढे काम प्रत्येक गावास करता येण्यासारखे आहे. दाहाच्या अवस्थेतच यकृताची दखल घेतली गेली, तर अनेक घरांतील कर्ती माणसे सिरोसिसपासून वाचतील.